पूर्ण बाह्यांचा उन्हाळा

जळगावच्या मे महिन्यात मी पूर्ण बाह्यांचं जॅकेट आणि घोट्यापर्यंतची ट्रॅकपँट घालून पोहण्याच्या तलावाच्या काठावर पोरांना शिकवत उभी राहायचे. सकाळीच फरशी इतकी तापायची की पोरं पाण्यातून निघाली की टाचांवर उड्या मारत सावलीकडे पळायची. पालक विचारायचे, "मॅडम, ऊन फार बाधतं का हो?" मी म्हणायचे, "हो ना." आणि शिट्टी तोंडात धरायचे, म्हणजे पुढचं बोलावं लागत नसे.

कोपरावर आधी नखाएवढा पांढरा ठिपका आला होता. मग गुडघ्यांवर, मग पावलांवर. डॉक्टर म्हणाले, कोड आहे; दुखणार नाही, कुणाला लागणार नाही, पण किती पसरेल ते सांगता येत नाही. माझं माहेर अमळनेरजवळच्या खेड्यातलं. तिथे हा शब्द बोलताना आवाज आपोआप खाली यायचा, घरात लग्नाची मुलगी असेल तर आणखीच खाली. माझ्या लग्नाला वर्षं झाली होती, तरी माझाही आवाज खाली आला. त्यानंतर मी पाण्यात उतरणंच बंद केलं. स्ट्रोक दाखवायचा झाला तर काठावरच्या बाकड्यावर पालथी पडून हवेत हात मारायचे. लहान पोरं फिदीफिदी हसायची. मीही हसून घ्यायचे.

आमच्या तलावावर मुली यायच्या पुष्कळ, टिकायच्या आठवीपर्यंत. मग कुणाचा क्लास लागायचा, कुणी उन्हाने सावळी पडायची, कुणाच्या घरी पाहुण्यांनी काहीतरी बोललेलं असायचं. त्यातली एक मात्र जावी असं मला वाटत नव्हतं. ती पिंप्राळ्याहून आईच्या स्कूटीवर मागे बसून यायची. बटरफ्लाय मारताना तिचे खांदे पाण्याबाहेर यायचे, तेव्हा शेजारच्या लेनमधली मुलं थांबून बघायची. नववीत गेली आणि ती यायची थांबली. फोन केला की आई म्हणायची, "सर्दी आहे." सर्दी महिनाभर टिकल्यावर मी तिच्या घरी गेले.

चहा झाला. आई अभ्यासाचं बोलत होती. कोपऱ्यात शेंगा फोडत बसलेल्या आजीने सरळच सांगून टाकलं, "पोर आते मोठी व्हई गई, मॅडम. बठ्ठा देखतस." सगळे बघतात, हे तिचं कारण.

मी माझं नेहमीचं बोलणं सुरू केलं. ते मी इतक्या घरांत बोलले होते की शब्द आपोआप येत. पोहणाऱ्या मुलीने शरीराची लाज धरायची नसते, शरीर म्हणजे काम करायचं साधन, लोकांच्या नजरेला आपण किती किंमत द्यायची ते आपल्या हातात असतं, असं सगळं. आई मान डोलावत होती. मुलगी खाली बघत होती.

मी निघाले तेव्हा ती गाडीपर्यंत सोडायला आली. गेटपाशी हळूच म्हणाली, "मॅडम, माझ्या पाठीवर पुटकुळ्या आल्यात. मुलं मागून काहीतरी बोलतात."

"बोलू दे ना. आपण लक्ष द्यायचं नाही."

तिने वर बघितलं. रागाने नाही, खरंच जाणून घ्यायचं असल्यासारखं विचारलं, "मग तुम्ही का झाकता? मी कपडे बदलायच्या खोलीत पाहिलंय तुमचं."

"अभ्यास कर नीट," असं काहीतरी बोलून मी गाडी सुरू केली. रस्ताभर कान तापलेले होते. तिला कळलं याची लाज होती, आणि कळूनही तिने माझं ते भाषण शांतपणे ऐकून घेतलं, याची त्याहून जास्त.

पुढच्या सोमवारी बायकांच्या बॅचला मी पोहण्याचा पोशाख घालून खोलीबाहेर आले. धीर वगैरे काही नव्हता. दारापासून तलावाच्या पायऱ्यांपर्यंतचं अंतर मी जवळपास धावत पार केलं. पाण्यात गेल्यावर दोन क्षण फार बरं वाटलं. मग एका बाईने आपल्या लहान मुलीला दंडाला धरून दुसऱ्या टोकाला नेलं आणि तिथून विचारलं, "मॅडम, राग मानू नका, पण पाण्यातून पसरत नाही ना हे?"

"नाही, नाही. डॉक्टरांनी सांगितलंय. त्वचेतला रंग जातो फक्त. हात लावला तरी होत नाही," मी म्हणाले. माझा आवाज गयावया करत होता. मुलांवर ओरडून तयार झालेला माझा आवाज! ती बाई "बरं बरं" म्हणाली, पण मुलीला सोडलं नाही. बॅच संपल्यावर मी सगळ्या जाईपर्यंत पाण्यातच थांबले. बोटं सुरकुतली, तरी बाहेर यायला पाय उचलेना.

दुसऱ्या दिवशी पुन्हा उतरले. धाडस म्हणून नव्हे. आता सगळ्यांना कळलंच होतं, लपवायला काही उरलं नव्हतं. ती बाई परत आली नाही.

पंधरवड्याने पिंप्राळ्याची मुलगी आली, बायकांच्या बॅचला. अंगभर पोशाख, आई बाकड्यावर. पाण्यात माझ्या शेजारी उभी राहून तिने माझा हात उघडपणे न्याहाळला. "आधी इथूनच सुरू झालं का?"

"हो, कोपरापासून."

"दुखतं?"

"नाही."

"पुटकुळ्या दुखतात," ती म्हणाली, गॉगल लावला आणि निघाली. दम लवकर लागला तिला.

त्या वर्षी धुळ्याच्या स्पर्धेला ती आली नाही. मीही आग्रह केला नाही. त्याच्या पुढच्या वर्षी ती स्वतःहून आली आणि शेवटून दुसरी आली. बाहेर पडून टॉवेल गुंडाळत म्हणाली, "किती वाईट पोहले ना मी?" आणि हसत सुटली. तिच्या आईलाही हसू आवरेना.

माझे ठिपके आता मानेपर्यंत आलेत. रोज खोलीचं दार उघडताना कडीवर हात क्षणभर थांबतो. अजूनही थांबतो. बाहेर पोरींचा गलका चालू असतो, कुणीतरी कुणाचा गॉगल लपवलेला असतो, आणि त्या भांडणात मला ओढायला दोघी-तिघी दाराशीच उभ्या असतात.