आवाज न करणारी बिजागरी

थोरल्या बहिणीने आयुष्यात कशालाच तोंडाने नकार दिला नव्हता. आईवडिलांमागे तिने धाकट्या भावाला वाढवले. पुढे त्याचा संसार मांडला गेला आणि ज्या स्वयंपाकघरात तिचा शब्द चाले, तेथे ती हाताखालची झाली. नाराजी कळवण्याचे एकच साधन तिच्यापाशी उरले होते, ते म्हणजे ओट्याखालच्या कपाटांची दारे. दार धाडकन आपटले की भाऊ आत डोकावे. "काय झालं, ताई?" "कुठं काय?" एवढ्यावर त्याला उमजे आणि तिला नको असलेला बेत रद्द होई. तिचे शिलाईयंत्र भंगारात जाण्यापासून वाचले, ते असेच.

आपटून आपटून बिजागऱ्या खिळखिळ्या झाल्या आणि एक दार लोंबू लागले. भावाने सुताराला बोलावले. त्याने रुंदावलेल्या भोकांत गोंद लावलेल्या काड्या ठोकल्या आणि नव्या बिजागऱ्या आवळल्या.

"ताई, आता कितीही जोरात ढकला, दार आपलं सावकाशच मिटणार," सुतार म्हणाला.

"आवाज नाहीच?" ताईने विचारले.

"हूं की चूं नाही!"

"सुटले बाई," भावजय हसली. "आमच्याकडे माणसांपेक्षा दारंच फार बोलायची."

दुर्बलाचा निषेध दडपावाच लागतो असे नाही. बहुधा त्याची दुरुस्ती केली जाते.

काही दिवसांनी जेवताना भावाने सांगून टाकले की ऑफिसचे काम आता घरूनच करायचे असल्याने त्याला ताईची खोली लागेल आणि ताई बाहेर दिवाणावर झोपेल. ताई ताटे उचलून आत गेली. तिने सर्व शक्तीनिशी दार ढकलले. ते वेगाने निघाले, मिटता मिटता थबकले आणि अत्यंत सभ्यपणे बंद झाले. तिने शेजारचे ढकलले. तेही तसेच.

बाहेर भाऊ बायकोला म्हणत होता, "बघ, उगाच धास्तावली होतीस. ताईचं काही म्हणणं नाही."

सुट्टीच्या दिवशी तो तिचा पलंग हलवू लागला, तेव्हा तिने तोंड उघडले.

"मला ही खोली सोडायची नाही."

भाऊ खरोखरच चकित झाला. "अगं, मग तेव्हाच नाही का बोलायचं? माझं टेबल दारात येऊन पडलंय!" त्याला वाईटही वाटले असावे. मग म्हणाला, "बरं, आता ही बाजू जरा धर."

तिने धरली.