ग्राफिक कार्डावरची लाल रेघ

आपण खेळायचं, दुसऱ्यांनी मोबाइलवर ते बघत बसायचं आणि वर बदामाची चित्रं पाठवायची. याला माझी मुलगी काम म्हणायची. मी तोंडावर हसत नव्हतो, एवढंच. बी.कॉम. झालेली मुलगी, हिंदी मुलखातल्या स्मृति नगरात सभ्य मराठी घर, आणि ही दुपारभर कानांवर हेडफोन चढवून हवेत गोळ्या झाडते! तिला खेळताना पाहायला फोनवर शे-दीडशे रिकामटेकडे जमत. आता त्यांच्यासाठी तिला कॉम्प्युटर हवा होता.

"लिहून दे," मी म्हणालो.

स्टील प्लांटच्या खरेदी विभागात माझी सत्तावीस वर्षं गेली. कुठल्याही खात्याचं मागणीपत्र आलं की आम्ही लाल पेन काढतो; काहीच न कापता कागद पुढं सोडणारा क्लार्क आमच्यात बावळट समजला जातो. ज्यानं भट्टी कधी जवळून पाहिली नाही, तो भट्टीवाल्याला सांगतो, हे तुला लागत नाही. मी त्यातलाच.

तिनं नीट लिहिलं. प्रोसेसर, सोळा जीबी रॅम, ग्राफिक कार्ड, दोन स्क्रीन, माइक. कार्डाखाली दोनदा रेघ.

"बाबा, बाकी काही बी कमी करा, हे नका करू. गेम अन् लाइव्ह, दोन्ही संगंच चालवाचं हाय."

"लग्नाची यादी हाय का हे?"

हुडको वसाहतीतल्या कॉम्प्युटरच्या दुकानदाराला कागद दाखवला. रंगीत दिवे लुकलुकणाऱ्या डब्यांमध्ये बसलेला तो माणूस मला तुच्छच वाटला, पण बोलला सरळ.

"अंकल, कार्ड मत काटिए. इसके बिना स्ट्रीम अटकेगी, बिटिया की हँसी होगी."

मला नीट समजलं. समजलं म्हणूनच मी त्या ओळीवर लाल रेघ मारली. एकदा हसं झालं की खूळ उतरेल.

घरी येऊन सांगितलं, "दुकानदार म्हणे, कार्ड वेगळं नाही लागत. प्रोसेसरच्या आतच राहते."

"पक्कं ना?"

"खरेदीतल्या माणसाले शिकवते का?"

कॉम्प्युटर आल्यावर पहिल्याच रविवारी दुपारी तिनं सगळ्यांना लाइव्हवर बोलावलं होतं. दहा मिनिटांत चित्र थिजलं. आवाज पुढं, तोंड मागं. खाली शेरे पडू लागले: दीदी, चूल्हे पे चला रही हो क्या? ती हसून सावरत होती, सेटिंग बदलून पाहत होती. मग तिनं हेडफोन काढून ठेवले.

संध्याकाळी माझ्यापुढं आली. "सॉरी बाबा. तुमी एवढं आणून देल्लं, मलेच लावता नाही आलं."

"जाऊ दे," मी म्हणालो. "बँकेची परीक्षा दे."

दिली. लागलीही. त्याला चार वर्षं झाली. त्या रिकामटेकड्यांचा मला अजून तिटकाराच आहे. पण त्यांना जे म्हणायचं होतं ते त्यांनी तिच्या तोंडावर म्हटलं.

गेल्या महिन्यात जेवता जेवता मी तिला सगळं सांगून टाकलं.

"कावून केलं असं?"

"तू जमवून दाखवशील, याचंच भेव वाटलं."

तिनं भाताचा घास परत ताटात ठेवला. "लोकं हासून राहिले होते तवा तुमी कुठं होते?"

"दाराशी. पाहून राहिलो होतो."

ती उठली, हात धुतले. दुसऱ्या दिवशी सकाळी बँकेत जाताना दारातून म्हणाली, "आपकी दवाई टेबल पर रखी है."

तेव्हापासून ती माझ्याशी हिंदीतच बोलते. मराठी आमच्याकडं फक्त घरच्या माणसांशी बोलतात.