पहिली नळी रिकामी

त्या गुरुवारी सकाळी मी नळ्या गरम ब्लॉकमधून काढून टेबलावर निवायला ठेवल्या होत्या. डीएनएचे धागे पंच्याण्णव अंशांवर तापवून सावकाश निवू द्यायचे, म्हणजे ते नीट दुमडतात. घाई केली तर भलताच आकार घेतात. तेवढ्या वेळात विभागाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर निरोप आला. नसरीन बाजी गेली. डेंग्यू, चार दिवसांत. वय चौतीस. खाली लगेच आमच्या गाइड सरांचा संदेश, ‘आमच्या टीमची मौल्यवान सदस्य.’ त्याखाली जोडलेल्या हातांची रांग. मीही हात जोडले... मला तेवढंच जमतं.

आम्ही तिला बाजी, म्हणजे ताई म्हणायचो; ती मला पाच वर्षांनी सीनियर. मी पीएचडीला आले तेव्हा कुणाशी बोलत नसे. इंग्रजी शाळेतली म्हणून तिनं माझं नाव कॉन्व्हेंट ठेवलं. ती स्वतः उर्दू शाळेत शिकलेली, पण माझं मराठी तीच दुरुस्त करायची. आमचं काम ॲप्टामर शोधायचं. ॲप्टामर म्हणजे एका नेमक्या रेणूला घट्ट धरणारा डीएनएचा छोटा धागा. तो आधी ठाऊक नसतो, शोधावा लागतो. अगणित वेगवेगळे धागे त्या रेणूवर ओतायचे, न चिकटलेले धुवून टाकायचे, उरलेल्यांच्या प्रती काढायच्या, पुन्हा ओतायचे, अशा फेऱ्यांवर फेऱ्या. “स्थळं बघितल्यासारखंच की,” ती म्हणायची. “माझ्या अम्मीला हेच काम दिवसभर. फक्त एक बघायचं, पोरगा पोरीला चिकटलाय का तिच्या घराला.” घर म्हणजे ते बारीक चुंबकी मणी, ज्यांवर आम्ही रेणू बसवतो. म्हणून बाजीची पहिली नळी कायम रिकामी असे. तिच्यात नुसते मणी, रेणू नाही. धागा तिथंही चिकटला तर सगळी मेहनत फुकट. त्या नळीच्या झाकणावर ती लाल नेलपॉलिशचा ठिपका द्यायची, कारण मार्करची शाई स्पिरिटनं पुसली जाते. तिच्या नखांवर मात्र मी ते कधी पाहिलं नाही. विचारलं तर म्हणाली, “मला वजू करावा लागतो, नखालाही पाणी लागायला हवं. नळीला कुठं नमाज पढायचीय?”

आम्ही घोणशीच्या विषावर काम करत होतो. आमच्या भागात साप चावला की लोक तो मारून खताच्या पिशवीत घालून दवाखान्यात आणतात, डॉक्टरला दाखवायला. बाजीच्या मामूंना चावलेला साप सापडलाच नाही. अंगात विष गेलंय की नाही, हे ठरेपर्यंत डॉक्टर थांबले, आणि मामू थांबले नाहीत. रक्ताच्या थेंबावरून तेवढं एक सांगणारी पट्टी तिला करायची होती.

परिषद जवळ आली तसं सरांनी मधल्या फेऱ्यांत धागे आधी रिकाम्या मण्यांवरून गाळून घेणं बंद करायला लावलं. “ते नंतर बघू.” आठव्या फेरीनंतर धागे चिकटल्याचा आलेख झकास चढला. सरांनी पेढे वाटले. बाजीनं पेढा रुमालात गुंडाळून ठेवला आणि मला घेऊन रिकाम्या नळ्या लावल्या. आकडे मीच वहीत उतरवले. विषाच्या नळ्यांइतकेच. तीनदा.

ती वही घेऊन आम्ही दोघी सरांसमोर उभ्या राहिलो. “सर, हे विषाला धरतच नाय. मण्यांना धरतंय. ही पट्टी धडधाकट माणसालाही विष दाखवील.” सरांनी तिच्याकडं पाहिलंही नाही. मला विचारलं, “तुला काय दिसलं?” मी फरशीकडं पाहत होते. माझी फेलोशिप, माझा प्रबंध, माझी भित्री जीभ... मी म्हणाले, “थोडं बॅकग्राउंड असेल, सर.” म्हणजे सोडून देण्याजोगी किरकोळ चिकट.

बाहेर आल्यावर बाजी हसली. “कॉन्व्हेंट, दोन वर्षांनी तोंड उघडलंस, ते हे बोलायला?”

तिनं शोधनिबंधावर नाव द्यायला नकार दिला आणि महिन्याभरात विभाग सोडला. निबंध छापून आला. सरांनंतरचं नाव माझं आहे. रिकाम्या नळ्यांचे आकडे त्यात कुठंच नाहीत. बाजी मुकुंदवाडीत एका पॅथॉलॉजीत रक्त काढायची. आईचा शुगरचा रिपोर्ट आणायला गेले तेव्हा शेवटचं भेटलो. मला वाटलं, आता बोलेल. तिनं लिफाफा दिला आणि एवढंच विचारलं, “पहिली नळी लावतेस ना?” मी हो म्हणून मान हलवली. तेव्हा मी लावत नव्हते.

ती गेल्यानंतर आठवड्यानं पडेगावला तिच्या घरी गेले. अम्मींनी पर्समधून एक छोटी बाटली काढली. “बेटी, ये उसके पर्समें निकला. वो तो कभी लगाती नै थी. किसके वास्ते रखी थी?” आठवडाभर तो प्रश्न त्यांनी कुणाला न विचारता उशाशी ठेवला असेल. मी मोडक्या हिंदीत नळ्यांचं सांगितलं. “नळ्यांकू?” त्या हसल्या, मग तोंडाला ओढणी लावून रडल्या. “पगली... और वो इत्ती अच्छी जगा छोडके काय कू आयी? पूछी तो बोलती नै थी. तुमकू मालूम है?”

मी म्हणाले, “नहीं, अम्मी.”

त्याच धाग्यांपासून केलेल्या पट्ट्या आता तालुक्याच्या एका दवाखान्यात चाचणीला द्यायचं ठरलंय. सोमवारी मी वहीच्या त्या पानाची प्रत तिथल्या डॉक्टरांना आणि निबंध छापणाऱ्यांना पत्रासोबत पाठवली. सर माझ्याशी बोलत नाहीत. लोक म्हणतात, हिंमत केलीस. बाजी माझ्याशेजारी उभी होती तेव्हा चार शब्द पुरले असते. आता त्या पत्राला हिंमत म्हणायची मलाच लाज वाटते. अम्मी मराठी वाचत नाहीत. शेजारचं कुणी हे वाचून दाखवणार असेल तर... अम्मी, मला माहीत होतं.

बाटली त्यांनी मलाच दिली. आतलं लाल घट्ट होत आलंय, पण अजून पुरतं. काल रॅकमधल्या पहिल्या नळीला ठिपका देताना ब्रश घसरला आणि थोडं माझ्या नखाला लागलं. वाळल्यावर स्पिरिटच्या बोळ्यानं घासून पाहिलं. स्पिरिटनं ते जात नाही.