चादरीमागून दिलेलं उत्तर

माझ्या तोंडून दुकानात काय नाही बाहेर पडलं—शिव्या, खोट्या शपथा, गिऱ्हाइकाच्या सात पिढ्यांचा उद्धार. ही एकच गोष्ट आत राहिली. बायकोलाही ठाऊक नाही. तुम्हाला सांगतोय म्हणून तुम्ही फार जवळचे आहात असं समजू नका.

बसवनगुडीत माझं गिटारच्या जुन्या ॲम्प्लिफायरांचं दुकान आहे. व्हॉल्व्हचे ॲम्प—आत काचेच्या नळ्या असतात, तापल्या की नारिंगी दिसतात, ते. निपाणीहून एका पिशवीनिशी या कानडी शहरात आलो आणि हे उभं केलं. कुणाच्या मेहेरबानीवर नाही.

हे वाक्य खोटं आहे. व्हॉल्व्ह मला दत्तूअण्णांनी शिकवला. शेजारच्या बनशंकरीचे, तीन पिढ्या इथलेच, रेडिओ दुरुस्त करण्यात जन्म गेलेला. सोल्डरचा डाग कसा द्यायचा, तापल्या ॲम्पमध्ये हात कुठे घालायचा नाही—सगळं त्यांचंच.

आणि त्याच अण्णांनी एकदा भरल्या दुकानात गिऱ्हाइकांना सांगितलं, "ह्याला भाव विचारा रे, आवाज नका विचारू. आवाजातलं ह्याला काय कळतंय?" सगळे हसले. अण्णांनी माझ्या पाठीवर थाप मारली. प्रेमानेच मारली असेल. मला काय त्याचं? माझ्याच दुकानात, माझ्याच गिऱ्हाइकांसमोर! मी पण हसलो. हसलो आणि गाठ मारून ठेवली.

आता कंपन्या साठ वर्षांपूर्वीची मॉडेलं पुन्हा काढतात. तेच कापड, तीच बटणं. मग जुन्याला तिप्पट भाव का द्यायचा? मोठ्या गाड्यांतून येणारे हाच प्रश्न विचारून माझं डोकं खातात. त्यावर आमच्या धंद्यात एक तोड आहे. जुना आणि नवा, दोन्ही ॲम्प चादरीमागे ठेवायचे, आवाज सारखा लावायचा. पुढे एकाने गिटार वाजवायची, मागे एकाने वायर ह्यातून काढून त्यात घालायची, आणि ऐकणाऱ्याने जुना ओळखायचा.

त्या रविवारी ऐकायला अण्णा बसले. पाच-सहा गिऱ्हाइकं भोवती, त्यातल्याच एकाच्या हातात गिटार. चादरीमागे मी—एकटा.

पहिल्यांदा वाजलं. अण्णा म्हणाले, "हा जुना. तार जोरात छेडली की स्वल्प दबतो बघा, मग उठतो. नवा दबत नाही."

वायर माझ्या हातात होती. जुन्यातच होती.

मी मागून म्हणालो, "नाही अण्णा. हा नवा."

ठरवून गेलो होतो का? नाही. पण तोंडातून निघाल्यावर परत घ्यावंसं वाटलं का? तेही नाही. गोड लागलं. दुसऱ्यांदा त्यांनी पुन्हा बरोबर सांगितलं, मी पुन्हा चूक म्हणालो. तिसऱ्यांदा त्यांनी चार वेळा वाजवायला लावलं. मग "जुना," म्हणाले—पण असं, की मलाच विचारताहेत. बरोबर होतं.

"नवाच, अण्णा. कानात तेल घाला जरा."

लोक हसले. या खेपेला अण्णा हसले नाहीत.

अजून एक राहिलं. आजवर मी तेच टाळत आलोय—चादरीमागे मीही कान देऊन ऐकत होतो. दोन्हींत मला काडीचाही फरक कळला नाही. आजही कळत नाही. हातात वायर होती, म्हणून मला उत्तर माहीत होतं. अण्णा माझ्याबद्दल खरं तेच बोलले होते.

त्याच आठवड्यात अण्णांना त्यांच्या मुलाने कानाच्या डॉक्टरकडे नेलं. वयाने थोडं कमी होतंच, म्हणाला डॉक्टर. सत्तरीच्या माणसाला दुसरं काय सांगणार? अण्णांनी दुरुस्ती बंद केली. जमवलेल्या जुन्या व्हॉल्व्हची पेटी माझ्या काउंटरवर आणून ठेवली. "माझा भरवसा नाही रे आता. लोकांचा माल बिघडवायचो." मी पेटी ठेवून घेतली. त्यातले व्हॉल्व्ह विकलेसुद्धा, चांगल्या भावाने.

एक वाक्य पुरलं असतं. तेव्हाही, आजही. पण बोललो तर त्या दिवशीचे सगळे हसणारे माझ्याकडे वळतील, आणि मला कुणी हसलेलं खपत नाही.

अण्णा अजून येतात, दुपारी, स्टुलावर बसतात. कुणी बोलायला लागलं की त्याच्या ओठांकडे बघतात—ऐकू न येणारी माणसं बघतात तसं. ही सवय त्यांना त्या रविवारनंतर लागली. त्यांना ऐकू येतं. मागच्या गल्लीत भाजीवाली ओरडली तरी त्यांची मान आधी वळते, माझी नंतर. पण त्यांचा स्वतःवर विश्वास नाही.

काल आले तेव्हा मी त्यांच्या तोंडासमोर वाकलो आणि मोठ्याने, एकेक शब्द सुटा करून विचारलं, "अण्णा—कॉफी—घेणार?"