सळ्यांवर बसलेली अक्का

माझ्या थोरल्या नणंदेइतकं चिडकं माणूस साऱ्या हुबळी-धारवाडात दुसरं नसेल, आणि तिचं चिडणं नेहमी कुठल्यातरी भिंतीवरून सुरू होतं. अक्का आर्किटेक्ट आहे. ज्या वाकड्यातिकड्या जागांना बाकीचे हात लावत नाहीत, तिथं ती गरिबांना परवडतील अशी घरं बसवते. एकदा माझ्या भाचीसाठी स्थळ बघायला गेलो. यजमान कौतुकानं नवं घर दाखवत होते. अक्कानं पश्चिमेच्या, उन्हानं तापलेल्या भिंतीला हात लावला आणि म्हणाली, "आमच्या पोरीला चूल पेटवायला नको. भाकरी हिच्यावरच भाजतील." स्थळ गेलं ते गेलंच.

कमरीपेठेत नाल्याकाठच्या एका चिंचोळ्या जागेत पत्र्याखाली काही कुटुंबं भाड्यानं राहायची. मालक कापडदुकानदार. त्याला तिथं गाळे काढायचे होते आणि भाडेकरूंना पार रायापूरच्या पुढं हलवायचं होतं. अक्का भर गिऱ्हाइकांत त्याच्या दुकानात जाऊन कडाडली, "धुणीभांडी करणाऱ्या बायकांनी दोन बस बदलून यायचं का, अण्णा? खाली तुमचे गाळे, वर त्यांची घरं. बसवून दाखवते!"

बसवलीही. मधोमध आभाळाला उघडा चौक ठेवला, म्हणजे प्रत्येक खोलीला उजेड आणि वारा. काम शेवटच्या मजल्यावर आलं तेव्हा मालकानं गुपचूप चौकावर स्लॅब टाकून गोदाम करायचं ठरवलं. अक्का आणि मी पोचलो तर स्लॅबच्या सळ्या बांधून तयार. अक्का शिडीनं चढली आणि भर उन्हात त्या सळ्यांवर मांडी घालून बसली.

मालक धावत आला. "अक्का, उतरा. लोक बघायलेत."

"बघू देत की! वाऱ्याला भाडं लावता येईना म्हणून त्याला गाडताय? ओता काँक्रीट, मी हलत नाही!"

भाडेकरूंपैकी शांतव्वा पदर खोचून वर चढली आणि तिच्याशेजारी बसली. तिच्यामागून बाकीच्या बायका. मिस्त्रीनं मिक्सर बंद केला. संध्याकाळी सळ्या सुटल्या.

घरभरणीला शांतव्वानं अक्काला आतल्या खोलीत नेलं आणि दिवा न लावता सुईत दोरा ओवून दाखवला. मघापासून जिन्याच्या कठड्याच्या कामावरून मिस्त्रीवर खेकसणाऱ्या अक्कानं सुई हातात घेतली, दोरा काढला आणि स्वतः पुन्हा ओवून पाहिला.

शेजारच्या जागेतही अशीच पत्र्याखालची कुटुंबं होती; तिच्यासाठी मात्र अक्का हरली. तिथं आता गाड्या उभ्या असतात, आणि तिथली माणसं रायापूरपलीकडं गेली. अक्का अधूनमधून मला घेऊन त्यांच्याकडं जाते. चहा पिते, पोरांच्या शाळेची चौकशी करते. निघताना कुणीतरी विचारतंच, "अक्का, आमचं काही होईल का परत तिकडं?"

तिथं ती कुणावरही ओरडत नाही. "बघते," एवढंच म्हणते, आणि बस येईपर्यंत नुसती रस्त्याकडं पाहत राहते.