उघड्यावर झोप

किल्लारीहून लातूरला जाणाऱ्या जीपमध्ये एक बाई माझ्या शेजारी बसली होती. भूकंपात दगडी घराखाली तिचे आईबाप गेले. तेव्हापासून ती अंगणातच झोपते, असं तिनं आपणहून सांगितलं. आमच्या भागात अशी माणसं लई.

तिचा लेक आखाती देशात मजुरीला हाय आणि तिथं विमानं बॉम्ब टाकून राहिलीत. पदरात गुंडाळलेला फोन ती सारखा सोडायची, बघायची, पुन्हा गुंडाळायची. औश्याजवळ फोन लागला.

"घरात झोपू नको राजा. बाहेर उघड्यावर झोप," ती म्हणाली.

मी चौथी शिकलेला, पण चुकीचं ऐकून घेत न्हाई. म्हणालो, "बाई, हा भूकंप न्हाई. बॉम्ब वरून येतो. उघड्यावरचा माणूस आधी मरतो."

चालू फोन हातात धरून तिनं विचारलं, "अन् घरावर पडला तर, बाबा?"

"घरबी जातं."

"मग कुठं झोपावं त्यानं?"

 

तिनं फोन कानाला लावला. "कुठंबी झोप राजा," ती हळू म्हणाली. "सकाळी तेवढा फोन उचल."