दत्तोबांची मोरी

सांगायला तोंड नाही, पण तुम्ही चहा पाजलाय म्हणून सांगतो. हसा, पोटभर हसा. फक्त मधे थांबवू नका, नाहीतर लाजेनं पुढचं सांगणं राहूनच जाईल.

वेल्ह्याकडे दिवसातून एखाददुसरी एसटी जायची त्या काळातली गोष्ट. मी पुण्यात एका बांधकाम कंपनीच्या कचेरीत नवाच कारकून लागलो होतो. त्याआधी कापडाच्या दुकानात! वायल आणि मलमल यांवर तासभर बोललो असतो, पण सिमेंट म्हणजे काहीतरी राखाडी असतं, एवढीच माझी विद्या.

कंपनीला वेल्ह्याच्या बाजूच्या रस्त्याचं काम मिळालं होतं. तोवर रीत अशी, की नकाशे आमच्या कचेरीत निघायचे आणि बांधायचं ठेकेदारानं. या वेळी साहेबांच्या मनात आलं, आखणी आणि बांधणी दोन्ही एकाच ठेकेदाराला द्यावी. भोरचे दत्तोबा म्हणत होते, आम्ही तयार आहोत. ते खरंच तयार आहेत का, हे बघायला इंजिनिअर जायचा, तर तो नेमका जिन्यावरून पडला. मग कोण? मी!

साहेब म्हणाले, "फार खोलात जाऊ नकोस. दत्तोबांची मोरी बघ. त्यांनी स्वतः आखलीय का विचार. उतार नीट आहे का, पाणी तुंबतं का, वाकून बघ. ज्याची मोरी चांगली, तो पुढचं सगळं नीट करील."

आता तुम्हीच सांगा, नारायण पेठेत दोन खोल्यांत वाढलेल्या माणसाला मोरी म्हणजे काय कळणार? आंघोळीची आणि भांडी घासायची! रस्त्याखालून ओढ्याचं पाणी जाण्यासाठी बांधतात तिलाही मोरीच म्हणतात, हे कापडाच्या दुकानात कोण शिकवणार? मला वाटलं, साहेब काय पोचलेला माणूस आहे! घरची मोरी बघून माणूस पारखतो!

भोरला पोचलो. दत्तोबा म्हणजे उंच, भरघोस मिशांचे, आवाज गल्लीच्या टोकाला ऐकू जाणारा. त्यांचा धाकटा भाऊ वसंता ओव्हरसियरची परीक्षा पास झालेला. त्यानं ओसरीवर नकाशेच नकाशे पसरून ठेवले होते, वाऱ्यानं उडू नयेत म्हणून कोपऱ्यांवर वाट्या ठेवून.

दत्तोबा म्हणाले, "भाऊसाहेब, दुसऱ्याच्या रेघांवर दगड रचन्यात आमचा जलम गेला. येकदा आमच्या रेघांवर बांधू द्या. मंग बगा!"

मी नकाशांकडे ढुंकूनही पाहिलं नाही. "ते राहू द्या हो. मोरी दाखवा."

दत्तोबा खूश! "मोरी व्हय? चला की! आंबवड्याच्या वाटंला हाय. सायकली काढतो."

मी चाट पडलो. मोरी आंबवड्याच्या वाटेला? मग ही मंडळी अंघोळीला रोज गावाबाहेर जातात की काय?

"अहो, इतक्या लांब कशाला? घरात नाही का?"

दत्तोबांनी माझ्याकडे पाहिलं. एसटीचा प्रवास, माझा घामेजलेला चेहरा... त्यांना जे समजायचं ते समजलं. गडगडाटी आवाज एकदम खाली आणून म्हणाले, "हाय की! आसं मोकळं बोला ना भाऊसाहेब! पर जरा दम धरावा लागंल. आत आमची आत्या हाय."

"असू दे. थांबतो मी," मी म्हटलं. सरकारी पाहुण्यासारखा!

आत्याबाई घाईघाईनं बाहेर आल्या. वहिनींनी बादली भरून दिली, खांद्यावर टॉवेल दिला. मी दार लावलं आणि कामाला लागलो. उतार पाहिला. गुडघे टेकून भोकात डोकावलो. मग सगळी बादली एकदम ओतली, आणि बाहेर ओरडलो, "अजून पाणी आणा!"

बाहेरून वहिनींची कुजबुज ऐकू आली. "आवं, काय झालंय त्यांना?"

"न्हाई गं, पुन्याची मानसं नाजूक असत्यात," दत्तोबा म्हणाले.

तिसऱ्या बादलीला पाणी घोट्यापर्यंत चढलं. सापडलं! विजारीचे पाय निथळत बाहेर आलो आणि विचारलं, "ही आखली कुणी?"

"आमच्या आज्यानं," दत्तोबा बिचारे चाचरत म्हणाले.

"तरीच!" असं म्हणून मी तडक वेल्ह्याची एसटी धरली. मागून वसंता नकाशांची गुंडाळी घेऊन पळत येत होता. मी खिडकीतून हात केला. निरोपाचा!

दुसऱ्या दिवशी वेल्ह्याला डाकबंगल्यावर, काम कुणाला द्यायचं ते ठरवायला, साहेबांसमोर सगळे ठेकेदार बसलेले. दत्तोबा धुवट फेटा बांधून पुढं, शेजारी वसंता.

"काय रे, मोरी पाहिलीस?"

"पाहिली साहेब. तुंबते. आणि आखणी यांची नाहीच, आजोबांची आहे."

साहेबांचा चेहरा पडला. "दत्तोबा, खोटं सांगितलंत तुम्ही मला."

दत्तोबा ताडकन उठले. "म्या? येवढा पूर आला तरी आमची मोरी तुंबली न्हाई! ह्या वसंतानं आखलीया!"

ठेकेदार एकमेकांकडे बघून हसले. वसंताची मान खाली गेली. आणि मी काय करावं? गप्प बसावं ना? छे!

"साहेब, मी स्वतः आत उतरलो होतो. शिवाय फार अरुंद. एका वेळी एकच माणूस मावतो. माझ्यासाठी आत्याबाईंना अर्ध्या अंघोळीतून बाहेर यावं लागलं."

साहेबांनी चष्मा काढला.

"अंघोळ? रस्त्याखाली?"

त्या क्षणी मला सगळं कळलं. पायाखालची जमीन सरकली म्हणतात ना, तिनंही सरकायची तसदी घेतली नाही. निदान गडप तरी झालो असतो! लोक हसत होते, पण माझं लक्ष वसंताकडे होतं. चार लोकांत त्याच्या भावाला मी खोटं पाडलं होतं, तेही त्यांच्याच घरच्या सांडपाण्याच्या भरवशावर.

साहेबांनी तिथूनच जीप काढली. आंबवड्याच्या वाटेवरची मोरी पाहिली, वाकून, आत शिरून, पलीकडून बाहेर येऊन. वसंताच्या पाठीवर हात ठेवला. काम त्यांनाच मिळालं.

मी दत्तोबांपुढे हात जोडले. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि साहेबांना विचारलं, "आमी तयार हाव का न्हाई, ते तुमी बगितलंत. पर ह्ये भाऊसाहेब... ह्यांची आखनी कुनाची आन् बांधनी कुनाची?"

साहेबांनी सुस्कारा सोडला. "आखणी त्याच्या वडलांची, दत्तोबा. बांधणीचा ठेका मी घेतलाय, आणि पहिल्याच पावसात गळायला लागलंय."